मधली पेटी

पावसाने उसंत दिली नाही, तशी थोरलीच्या पायांनाही ती मिळाली नाही. रोज सकाळी घोटाभर चिखल तुडवत ती डोंगर चढायची. लोखंडी खांबांवर बसवलेल्या पेट्यांवरची काळी काच फडक्याने पुसायची, आणि दुसऱ्या खांबाकडे वळेपर्यंत पहिलीवर पुन्हा ओल धरलेली असायची. ऊन पडलं तर त्या काचेतून पेटीतली बॅटरी भरणार. ऊनच नाही तर पुसून काय, हा प्रश्न तिलाही पडायचा. पण पुसणं हे काम होतं, आणि काम अंगावर घेतलं होतं.

डोंगराची माती सैल झाली होती. मागे एकदा पलीकडच्या वस्तीवर दरड आली, त्यानंतर कचेरीने उतारावर या पेट्या रोवल्या. प्रत्येक पेटीखाली जमिनीत खोल गेलेली एक कांब. मातीत पाणी किती मुरलं, जमीन किती कलली, ते कांबेला कळायचं आणि पेटी ते बिनतारेने शाळेपाशी उभ्या असलेल्या उंच खांबाला कळवायची. त्या खांबावर भोंगा होता. जमीन हलू लागली की भोंगा ओरडणार, आणि माणसांनी हातातलं टाकून पळत सुटायचं. थोरलीला ठाऊक होतं ते एवढंच, आणि एवढ्यावर तिचं काम भागत होतं.

काम खरं तर नवऱ्याच्या नावावर होतं. बॅटऱ्यांची पिशवी घेऊन उतरताना तो याच उतारावर घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ते बसवताना वाकडं बसलं. तेव्हापासून तो दाराजवळच्या खाटेवर पडून असायचा आणि तिथून हुकूम सोडायचा. वस्तीतले लोक त्याला ‘सरकार’ म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावरही म्हणू लागले. त्यानेही ते चालवून घेतलं.

“आधी खडकावरची बघ,” सरकार सांगायचे. “ती नेहमी आधी मान टाकते.”

“बघते.”

“आणि बॅटऱ्या पिशवीत टाकू नकोस. गारठतात.”

तेही ती जाणून होती. बॅटऱ्या तळहाताएवढ्या. त्या ती फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधायची. चढताना त्यांच्या कडा बरगडीत रुतायच्या, अंगावर लाल वळ उठायचे. बॅटरीला ऊब मिळाली तर थोडा जास्त जीव धरते, असं तिचं मत झालं होतं. कचेरीतून दिलेल्यांपैकी बहुतेक आता फुगल्या होत्या. चांगली म्हणावी अशी एकच उरली होती. नवीन यायच्या तर पूल वाहून गेला होता.

त्या दिवशी ती भिजून परतली, तेव्हा फोन वाजत होता. कचेरीतल्या इंजिनीअरबाईंचा. बाई डोंगर बघायला दोनदा आल्या होत्या, थोरलीच्या हातचा चहा पिऊन गेल्या होत्या. आवाज तुटत तुटत येत होता.

“सगळ्या पेट्या सतत जाग्या ठेवल्या तर सगळ्याच मरतील,” बाई म्हणाल्या. “म्हणून आता पाळी लावायची. जिथे दोन पेट्या एकाच जमिनीवर लक्ष ठेवतात, तिथली एक झोपवायची. उरलेल्या अधूनमधून डोळा उघडतील, बघतील, पुन्हा मिटतील. ते मी इथून करते. तुम्ही फक्त ती चांगली बॅटरी मधल्या पेटीत घाला.”

मधली पेटी म्हणजे थोरलीच्या घराच्या बरोबर वरची. “आणि टोकाची?” तिने विचारलं.

“टोकाचीच पंचाईत आहे. तिच्या जवळपास दुसरी नाही. ती झोपली की तेवढा तुकडा उघडा पडतो. पण दोन्हींना पुरेल असं काही नाही आपल्याकडे. मला सांगा, टोकाच्या पेटीखाली सध्या कोण राहतं का? नकाशात एक घर दिसतंय.”

सरकारांनी खाटेवरून मान उचलली. “पावसाळ्यात तिथं कुणी नसतं म्हणून सांग! शेळ्या घेऊन खाली येतात ते.”

टोकाच्या पेटीखाली धाकटा राहायचा. सरकारांचा सख्खा भाऊ. पूर्वी खरंच तो आणि त्याची बायको पावसाळ्यात शेळ्या घेऊन खाली थोरल्यांकडे यायचे. पण वाटणी झाली, झऱ्याकाठचा सपाट तुकडा चिठ्ठीत धाकट्याला गेला, आणि चिठ्ठी टाकताना लबाडी झाली असं सरकारांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. भाऊ बोलेनासे झाले. यंदा धाकटा वरच राहिला होता. खाली येणार तरी कुणाच्या दारात?

“हॅलो? घर रिकामं आहे ना?”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कोपरावर उठून बसायची धडपड करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. दरड आलीच, तर या माणसाला उचलून बाहेर काढायला तिला जितका वेळ हवा, तितका दुसऱ्या कुणाला लागणार नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “रिकामं आहे.”

“बरं झालं. आणि हे लक्षात ठेवा, काही झालं तरी मधलीला हात लावू नका. तिच्यावरच तर…” फोन खरखरला आणि बंद पडला. पुन्हा लावून पाहिला तर रेंजच नव्हती. टॉवरची वीज गेली होती.

“बरोबर सांगितलंस,” सरकार म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिने चांगली बॅटरी मधल्या पेटीत घातली. हिरवा दिवा लुकलुकला. खाली आपल्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, आणि बऱ्याच दूर, ओघळीच्या पलीकडे, धाकट्याच्या घरातून निघणारा धूर. पाऊस त्याला वर चढू देत नव्हता. तो छपरावरच पसरून राहिला होता.

‘हो’ हा शब्द पुढचे काही दिवस तिच्या मानगुटीवर बसून राहिला. भांडी घासताना आठवायचा, नवऱ्याची पाठ पुसताना आठवायचा. शेवटी एका दुपारी ती वाट वाकडी करून टोकाच्या पेटीकडे गेली. पेटीचा दिवा विझलेला होता. खांबाच्या वरच्या अंगाला जमीन चिरली होती. फट अरुंदच होती, पण तिने काठी घातली तर काठी अर्धी आत गेली. खालच्या बाजूने गढूळ पाणी पाझरत होतं, आणि तिथे कधी झरा नव्हता.

ती तशीच धाकट्याच्या दारात गेली.

धाकटी शेळीच्या खुरातला खडा काढत बसली होती. तिने मान वर केली, पण उठली नाही. वाटणीनंतर थोरलीने या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

“जाऊबाई, आज वाट चुकलात का?”

“थोडे दिवस खाली चला,” थोरली एका दमात म्हणाली. “वर जमीन फाटली आहे. पेटी बंद आहे. काही झालं तर भोंगा वाजायचा नाही.”

“बंद आहे म्हणजे? कुणी केली?”

“कचेरीतून झोपवली. बॅटऱ्या नाहीत.”

“आणि तुमच्या घरावरची?”

थोरलीने ओला पदर पिळला.

“ती जागी असेल,” धाकटी म्हणाली. तिने शेळीचा पाय सोडला आणि हात झटकले. “आम्ही उठून खाली जायचं, आणि पावसाळा सरला की सरकार म्हणणार, जागा सोडून गेले होते, आता तुकडा आमचा. सासूबाई गेल्या तेव्हा भांडीसुद्धा अशीच तुमची झाली होती, पुसून ठेवतो म्हणून नेली होतीत.”

हे खोटं नव्हतं.

आतून धाकटा आला. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी वाढलेली. भावाशी त्याचं वाकडं असलं तरी वहिनीशी कधी नव्हतं. “वहिनी, ओल्या किती झालात! बसा तरी. आमच्याकडे सगळंच ओलं आहे, म्हणजे तुम्हाला परकं वाटायचं नाही.” स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला. मग बाहेर जाऊन त्याने वर पाहिलं, झिरपणारं पाणी बोटाने चोळून पाहिलं. परत आला तो बायकोला म्हणाला, “शाळेत जाऊ. त्यांच्या घरी नको, शाळेत. शेळ्या व्हरांड्यात बांधू.”

“दावणीला काय घालणार तिथे? आणि गाभण आहे ती?”

“बघू.”

धाकटी पुटपुटत उठली आणि गोधडीत कपडे बांधू लागली. थोरली निघाली. पाठ फिरवताना तिला दिसलं की धाकटा गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवून उभा आहे. ओघळीला पाणी चढलं होतं. एवढी जनावरं त्यातून पार करायची म्हणजे दोघांच्या जिवाचे हाल होणार होते.

मधल्या पेटीपाशी येऊन ती थांबली. हिरवा दिवा लुकलुकत होता. आपण ‘हो’ म्हणालो, म्हणून ही जागी आणि ती झोपलेली. तिला वाटलं, यात काय मोठं आहे, इकडची बॅटरी तिकडे घातली की झालं. नवऱ्याची काळजी आपण घेऊ, आपण घरात असतोच, कान उघडे ठेवू. तिने झाकण उघडलं. बोटं गारठून काठीसारखी झाली होती, झाकणाचा स्क्रू दोनदा हातातून पडला, चिखलात चाचपडून शोधावा लागला. चांगली बॅटरी काढून तिने पोटाशी बांधली, ओघळ पुन्हा ओलांडली आणि टोकाच्या पेटीत घातली. बॅटरी बदलली की झोपवलेली पेटी आपोआप जागी व्हायची. दिवा हिरवा झाला. तिथली जुनी बॅटरी आणून मधलीत घातली. तिथेही हिरवा लुकलुकला. मंद होता, पण होता.

मग ती पुन्हा धाकट्याच्या दारात गेली. गोधडीची दोन गाठोडी उंबऱ्यावर ठेवलेली होती.

“पेटी जागी केली,” ती धापा टाकत म्हणाली. “आमच्या घरावरची चांगली बॅटरी तुमच्याकडे घातली. आता काळजी नाही. भोंगा वाजेल.”

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे, सोलवटलेल्या बोटांकडे. “तुमच्या घरावरची काढलीत? आणि सरकारांना?”

“त्यांना सांगितलं नाही.”

“मग आज राहू दे,” धाकटा म्हणाला. “ओघळ उतरली की बघू. वाजलाच भोंगा तर पळायला पाय आहेत.”

धाकटीने एक गाठोडं सोडलं. त्यातला कोरडा टॉवेल काढून थोरलीच्या हातात दिला. वाटणीनंतर तिच्या हाताने दिलेली ती पहिली वस्तू. थोरलीने तोंड पुसलं आणि तिला हलकं वाटलं. घरी येताना ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती, हे सरकारांनीसुद्धा ऐकलं. “काय मिळालं डोंगरावर?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “काही नाही.”

दरड दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

थोरली घरात पीठ मळत होती. आधी तिला वाटलं, दगडाची गाडी रिकामी होते आहे. मग लक्षात आलं, रस्ता बंद आहे, गाडी कुठून येणार. आवाज लांबला, थांबला, आणि मग इतकं गप्प झालं की पत्र्यावरचा पाऊस मोठा वाटू लागला. भोंगा वाजला नाही. ती दारात येऊन शाळेकडे बघत उभी राहिली, हाताला पीठ तसंच. तो अजून वाजेल असं तिला वाटत होतं.

“काय पडलं?” सरकार विचारत होते. “अगं, कुठं पडलं ते सांग!”

ओघळीच्या पलीकडे धूर नव्हता. घर नव्हतं. तांबड्या मातीची एक जीभ खालपर्यंत आली होती आणि तिच्या कडेला धाकटी उभी होती. झऱ्यावर पाणी भरायला गेली म्हणून वाचली. तिच्या हातात घागर होती, आणि ती घागर खाली ठेवत नव्हती.

वस्तीतली माणसं फावडी, पहारी, पाट्या घेऊन आली. माती ओली आणि जड होती. एक फावडं उचललं की दोन फावडी खाली सरकायची. थोरली हातांनी माती ओढत होती. नखं तुटली तरी तिला कळलं नाही. धाकटी गोठ्याची जागा दाखवत राहिली: “इथं. दूध काढत होते. इथं.” दुपार टळल्यावर धाकटा सापडला. गाभण शेळीला बिलगून, जणू तिला ढकलून बाहेर काढत असताना वरून आलं होतं. एक शेळी जिवंत निघाली. कुणीतरी तिला बाजूला बांधली. ती ओरडत राहिली, आणि तिला गप्प करायचं कुणाला सुचलं नाही.

सरकारांना खाटेसकट उचलून आणलं. भावाच्या तोंडावरची माती पुसायला त्यांनी हात पुढे केला, पण खाटेवरून तो पोचेना. चौघांनी खाट कलती केली. पोचला तेव्हा त्यांनी पुसलं काहीच नाही, नुसता हात ठेवला. “आवाज द्यायचास की रे,” ते म्हणाले. “एक आवाज द्यायचास.”

धाकटीला आता जायला दुसरी जागा नव्हती. ती थोरलीच्या घरी आली. घर माणसांनी भरलं, आणि जो तो थोरलीचं नाव घेऊ लागला. धाकटीने सगळ्यांना सांगितलं होतं: जाऊबाईंनी स्वतःच्या घरावरची बॅटरी काढून आमच्याकडे घातली, नवऱ्याला न सांगता घातली. “बाई नव्हे, आई आहे,” शाळेचे मास्तर म्हणाले. थोरली चहाचे कप भरत राहिली. यंत्रच दगा देऊन गेलं, असं सगळ्यांचं ठरलं. सरकार मात्र बायकोकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. फोनवर काय बोलणं झालं ते फक्त त्या दोघांना माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांसमोर त्याचा उच्चार करत नव्हते.

पाऊस थांबला, लाकडं टाकून पुलावर वाट झाली, आणि इंजिनीअरबाई आल्या. थोरली त्यांना डोंगरावर घेऊन गेली. टोकाची पेटी दरडीच्या काठाला वाकलेल्या खांबावर अजून होती. बाईंनी ती उघडली, तारा जोडून बराच वेळ काही वाचलं. मग मधलीपाशी आल्या, ती उघडली, आतली बॅटरी हातात घेऊन उलटसुलट केली.

“ही इथली नाही,” त्या म्हणाल्या.

“मी बदलली.”

बाई खडकावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर थोरलीला सोपं गेलं असतं. “टोकाच्या पेटीने ओळखलं होतं,” त्या म्हणाल्या. “बराच वेळ आधी. ती सांगत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती. पण तिचा आवाज शाळेपर्यंत पोचत नाही. ओघळीपलीकडून तो फक्त मधलीपर्यंत येतो. मधलीने ऐकून पुढच्या पेटीला द्यायचा, तिने पुढे. मधली रात्रीतच मेली होती.”

“दिवा हिरवा होता.”

“हिरवा म्हणजे पेटी जागी आहे. तिचं कुणी ऐकतंय, असा त्याचा अर्थ नाही. तुम्हाला हे नीट सांगायला हवं होतं आम्ही.” हातातली बॅटरी खाली ठेवत त्या म्हणाल्या, “आणि तिथे माणसं आहेत हे मला कळलं असतं, तर मी पेटीचा विचारच केला नसता. त्यांना आधी उठवायला सांगितलं असतं. तुम्ही रिकामं आहे म्हणालात.”

“म्हणाले,” थोरली म्हणाली.

बाईंनी नव्या बॅटऱ्यांचं खोकं तिच्याकडे दिलं. कोणती पेटी कुणाला निरोप देते, ते डोंगरावर फिरून एकेक करून दाखवलं. दोनदा दाखवलं. मग त्या गेल्या.

थोरली घरी आली तेव्हा धाकटी वाचलेल्या शेळीला पाला घालत होती. सरकार खाटेवर होते. थोरली दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. फोनवरचा ‘हो’, मधली पेटी, रात्रीत मेलेली बॅटरी. भराभर सांगितलं नाही, आणि रडलीही नाही. नवरा काय बोलला होता ते मात्र तिने गाळलं.

“मी बोललो होतो तसं सांगायला,” सरकार खाटेवरून म्हणाले. “ते का गाळतेस? मी सांगितलं.”

धाकटीच्या हातातला पाला शेळीने ओढून घेतला. तिने हात तसाच धरून ठेवला होता.

“गाठोडी बांधली होती आम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही येऊन सांगितलंत म्हणून सोडली.”

“हो.”

“मी तुम्हाला टॉवेल दिला.”

धाकटी उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आत आली ती विटा घेऊन. पडवीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडून तिने आपलं वेगळं भांडं चढवलं. “मला जायला जागा नाही म्हणून राहते,” ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. “तुमच्या हातचं खाणार नाही.” सरकारांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. पांघरूण हलत राहिलं.

सकाळी थोरली बॅटऱ्या पोटाशी बांधून निघाली, तर धाकटी वाटेवर उभी. डोकं बांधलेलं, हातात काठी.

“मी येणार,” ती म्हणाली. “रोज येणार.”

दोघी मागेपुढे चढल्या. खडकावरच्या पेटीपाशी धाकटी थांबली. “ही कुणाला सांगते?”

“बांधावरच्या पेटीला.”

“आणि ती?”

“मधलीला.”

“मधली?”

“वळणावरच्या पेटीला. ती शाळेच्या खांबाला. मग भोंगा.”

“आणि तिकडची, टोकाची?”

“मधलीला. फक्त मधलीला.”

धाकटीने ओघळीपलीकडे पाहिलं. तांबडी माती उन्हात वाळून भेगाळत होती. तिने काठी रोवली आणि खाली, थोरलीच्या घराच्या छपराकडे नजर वळवली. तिथे दाराशी खाट दिसत होती.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

थोरलीने पहिल्या पेटीकडे बोट केलं आणि पुन्हा सांगायला लागली.